शिवारातला कोल्हा: बंदुकीशिवायचा बंदोबस्त

नालवाडीच्या शिवारात कोंबडी नाहीशी झाली की आरोपी आधी ठरतो, तपास मागाहून होतो. बहुतेक वेळा होतच नाही. आरोपी कोल्हा. काल रात्री ओरडत होता ना, मग तोच. पुढची मागणीही ठरलेली असते. कोणाकडे बंदूक आहे का, फासा लावता येईल का, निदान काहीतरी खाऊ घालून त्याला संपवता येईल का? या प्रकरणात त्या मागणीला उत्तर आहे, पण विचारणाऱ्याला हवं असतं ते नाही.

वर्धा शहराला चिकटून, नागपूर रस्त्याच्या कडेनं वाढलेलं हे गाव आता अर्धं ले-आउट आणि अर्धं वावर आहे. एका अंगाला प्लॉट, कंपाउंड, चिकन सेंटर, कचऱ्याचे ढीग. दुसऱ्या अंगाला कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, मधून जाणारा नाला आणि बाभळी-बोरींनी भरलेले धुरे. कोल्ह्याला यापेक्षा चांगली जागा सरकारनं आखून दिली असती तरी मिळाली नसती. लपायला पऱ्हाटी, खायला उंदीर, वर गावाचं उष्टं. बोर व्याघ्र प्रकल्पातल्या वाघाला जंगल लागतं. कोल्ह्याला धुरा पुरतो.

शिकारीचा विषय आधी मिटवून टाकू. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ प्रमाणे कोल्ह्याच्या शिकारीला बंदी आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीत तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या यादीत गेला. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणं, असा गैरसमज असेल तर तोही सोडावा. कायद्याच्या व्याख्येत विष घालणं, फासा लावणं, पिंजऱ्यात धरणं, कुत्री सोडून पाठलाग करणं, हाकून काढणं, आमिष ठेवणं आणि यांतल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं येतं. पिकांचं नुकसान करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्यासाठी वनखात्याचा परवाना मागण्याची सोय महाराष्ट्रात २०१५ पासून आहे. कोल्हा त्या कागदावर बसत नाही. जाता जाता आणखी एक. घरात पैसा यावा म्हणून ‘कोल्ह्याचं शिंग’ विकणारे भेटतात. कोल्ह्याला शिंग नसतं. विकलं जातं ते कुठल्यातरी प्राण्याच्या कातडीचा आणि केसांचा गोळा असतो, आणि तो खरंच कोल्ह्याच्या कातडीचा निघाला तर विकणारा-घेणारा दोघेही वन्यजीव व्यापाराच्या गुन्ह्यात अडकतात.

कायदा नसता तर मारून प्रश्न सुटला असता का? याचा प्रयोग अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिथला कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद. जरा दणकट, पण सवयी त्याच. मेंढ्या-वासरं मारतो म्हणून तिथं त्याला गोळ्या घातल्या, सापळे लावले, विष दिलं, विमानातून टिपलं. अलीकडच्या काळातही त्या देशाचं एक सरकारी खातंच वर्षाला सुमारे ६० हजार कायोटी मारतं. हौशी शिकारी वेगळेच. परिणाम असा की पूर्वी मुख्यतः पश्चिमेच्या गवताळ मुलखात असलेला हा प्राणी आज अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत, अगदी न्यूयॉर्क शहराच्या बागांपर्यंत पोचला आहे. युरोपातली गोष्टही निराळी नाही. तिथं तर आपलाच सोनेरी कोल्हा आहे, बऱ्याच देशांत त्याची कायदेशीर शिकार होते, तरीही बाल्कन प्रदेशातून सरकत सरकत तो डेन्मार्क, एस्टोनिया आणि नॉर्वेपर्यंत गेला.

कारण समजायला अवघड नाही. कोल्हा जोडीनं राहतो आणि जोडी आपला इलाखा राखते. आदल्या वर्षीची एखाद-दोन पोरं आईबापांजवळ थांबतात आणि नव्या पिल्लांना भरवायला मदत करतात. या जोडीतला एक मारला की इलाखा मोकळा होतो आणि कडेला वाट बघत असलेली तरणी जनावरं आत घुसतात. खाणारी तोंडं कमी झाल्यानं उरलेल्यांच्या वाट्याला जास्त येतं, पिल्लं जास्त जगतात. शिवाय जुनी जोडी तुमच्या कोठ्याला सरावलेली असते, कुठं कुत्रं आहे नि कुठं माणूस जागा असतो हे तिला ठाऊक असतं. नव्याला काहीच ठाऊक नसतं, म्हणून तो जास्त आगाऊपणा करतो. जोवर शिवारात खायला पडलेलं आहे तोवर जागा रिकामी राहत नाही. ज्याला कोल्हा कमी करायचा आहे त्यानं त्याच्या पानातलं कमी करावं. बाकी सगळी खटपट आहे.

आता तपास. नुकसान खरंच कोल्ह्यानं केलं का, हे जुने शिकारी ज्या नजरेनं पाहत त्याच नजरेनं पाहायला हवं. त्यांची बंदूक गेली तरी ती विद्या वाया जायचं कारण नाही. कोल्हा आठ ते अकरा किलोचा गडी. एवढ्या जिवाला धडधाकट मोठी बकरी पाडणं परवडत नाही. तो नेतो ती पिल्लं, नुकतं जन्मलेलं करडू, कोंबडी, बदक. मोठी बकरी मागच्या मांड्यांवर, कानांवर, शेपटीवर फाडलेली दिसली, एका रात्रीत चार-पाच जनावरं जखमी झाली आणि खाल्लं मात्र काहीच नाही, तर ती करणी बहुधा कुत्र्यांच्या टोळीची. कुत्रं पोट भरलेलं असतानाही खेळ म्हणून चावतं. कोल्ह्याला तेवढी चैन नसते. तो एक उचलतो आणि पळतो. कोंबडी अख्खी गेलेली, पिसांची रेघ धुऱ्याकडे गेलेली, तर कोल्हा किंवा रानमांजर. कोंबड्या खुराड्यातच मान-डोकं चावून मेलेल्या पडल्या असतील तर मुंगूस. रात्री ओझरता दिसलेला बारीक, झुपकेदार लांब शेपटीचा, दोन-तीन किलोचा प्राणी कोल्हा नव्हे, खोकड. आपल्याकडे त्याला लोमडीही म्हणतात. ते किडे, उंदीर, सरडे आणि बोरं खातं आणि शेतकऱ्याचं काहीएक बिघडवत नाही, पण मार मात्र कोल्ह्याच्या नावानं खातं.

पावलं पाहावीत. कुत्र्याचा ठसा पसरट असतो आणि त्याची वाट इकडेतिकडे भरकटते, कारण त्याला कुठं पोचायचं नसतं. कोल्ह्याचा ठसा अरुंद, लांबट, नखं पुढं निघालेली. मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूनं जोडलेल्या असतात, ही पक्की खूण. आणि तो एका रेषेत चालतो. कुंपणाच्या ज्या भोकातून तो येतो असं वाटतं तिथं संध्याकाळी चुलीची राख चाळून पसरावी आणि सकाळी उन्हं चढायच्या आत पाहावी. विष्ठाही सांगते. कोल्हा ती दगडावर, बांधाच्या उंचवट्यावर, पांदणीच्या मधोमध ठेवतो, इलाख्याची पाटी म्हणून. काडीनं उकरली की बोरांच्या बिया, उंदरांचे केस, किड्यांची कवचं दिसतात. हातानं उकरू नये, हे सांगायला लागू नये.

त्या विष्ठेतच कोल्ह्याच्या बाजूचा पुरावाही असतो. कान्हाच्या जंगलात प्राणी-अभ्यासक जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात केलेल्या अभ्यासात कोल्ह्याचा सुमारे ८० टक्के आहार उंदीर, सरपटणारे प्राणी आणि फळांचा निघाला. शिवारात रानफळं कमी आणि गावाचं उष्टं जास्त, एवढाच काय तो बदल. गहू-हरभऱ्याच्या वावरात उंदरांची बिळं मोजून पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मी कोल्ह्याला शेतकऱ्याचा मित्र वगैरे म्हणणार नाही, मित्र कोंबडी उचलत नाही. पण जमाखर्च मांडताना खर्चाच्या बाजूला कोंबडी लिहायची आणि जमेच्या बाजूचा उंदीर विसरायचा, हा हिशेब कोणत्याही सोसायटीच्या ऑडिटमध्ये चालणार नाही.

मग कोल्ह्याचं पान वाढतं कुठून? सगळ्यात मोठं पान म्हणजे मेलेलं ढोर. आणि इथं नालवाडीचा इतिहास आपल्या विषयात अगदी सरळ येऊन बसतो.

विनोबा १९३२ साली वर्ध्याहून दोन मैलांवरच्या या वस्तीत राहायला आले आणि १९३८ मध्ये धाम नदीकाठी पवनारला गेले. मधल्या काळात, १९३० च्या दशकाच्या मध्यास, इथं ग्रामसेवा मंडळाचं चर्मालय उभं राहिलं. गोपाळराव वाळुंजकर ते चालवत. कातडं कमवायचं ते फक्त आपल्या मौतीनं मेलेल्या जनावराचं, कत्तलीचं नाही, हा तिथला दंडक. गांधीजी या कामाबद्दल आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकातून लिहीत. जातीच्या उतरंडीनं ज्या कामाला शिवायचं नाही असं ठरवलं होतं, ते काम सवर्ण घरातल्या माणसांनी हातात घेणं ही त्यातली मोठी गोष्ट होती आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथं मला तिची दुसरी, कमी बोलली गेलेली बाजू हवी आहे. मेलेलं जनावर गावाबाहेर फेकायचं आणि कुत्री-कोल्ह्यांवर सोपवायचं, ही नासाडी आहे, असं ही मंडळी मानत. कातडं नीट सोलायचं, ते फाटू द्यायचं नाही. चरबी वेगळी, शिंगं-खूर वेगळी, हाडं आणि मांसाचं खत. ढोर मेलं की त्याचा प्रत्येक तुकडा कुठंतरी कामी लागला पाहिजे. जवळच गोपुरीत जमनालाल बजाज यांनी १९४१ मध्ये गोसेवा संघ उभारला, तोही जित्या आणि मेल्या दोन्ही गाईंचा विचार करणाऱ्या याच वातावरणात. त्या काळच्या लोकांच्या डोक्यात कोल्ह्यांचा बंदोबस्त हा हेतू मुळीच नव्हता. पण शिवारात सडणारं मांस उरू न देणारी रीत त्यांनी बसवली होती, आणि कोल्हा आवरायला त्याहून परिणामकारक उपाय मला माहीत नाही.

आज काय होतं? सोलणारे हात या कामातून बाहेर पडले, आणि पडायलाच हवे होते. पण त्यांच्या जागी दुसरी व्यवस्था आली नाही. पूर्वी गिधाडं एका ढोराचा अर्ध्या-पाऊण तासात फडशा पाडत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळं ती मेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली, औषधावर बंदी आली ती २००६ मध्ये. आता नाल्यात ओढून टाकलेली गाय आठवडाभर पडून राहते. तिच्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात, कोल्हे पोसले जातात, आणि ती संपली की हीच तोंडं तुमच्या कोठ्याकडे वळतात. म्हणून पहिला सल्ला हाच. मेलेलं जनावर त्याच दिवशी खोल पुरावं: जेसीबीनं निदान सहा फूट खड्डा, वर चुना, वर माती, आणि जागा विहिरीपासून व नाल्यापासून दूर. एकट्याला खर्च झेपत नाही, तेव्हा ग्रामपंचायतीनं जागा नेमून द्यावी आणि खड्ड्याचं भाडं सगळ्यांत वाटावं. चिकन सेंटरची आतडी-पिसं पोत्यात भरून पुलाखाली फेकणाऱ्याला हटकायला एखादा ठराव पुरतो, फक्त तो अमलात आणणारा सरपंच लागतो. गाय-म्हैस व्याली की पडलेली जार उकिरड्यावर टाकू नये; काही ठिकाणी ती झाडाला टांगतात, तेही नको. पुरून टाकावी. जारेचा वास कोल्ह्याला फार लांबून येतो आणि त्या वासामागे तो थेट नवजात वासरापर्यंत पोचतो.

यानंतर खुराडं. षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं तर ती दातानं फाडतं. वेल्ड केलेली जाड जाळी घ्यावी. ती जमिनीशी संपवू नये, फूटभर खाली गाडावी आणि तिथून बाहेरच्या अंगाला फूटभर आडवी वळवून मातीनं झाकावी. कोल्हा जाळीच्या अगदी बुडाशी उकरतो, आणि उकरताना आडवी जाळी लागली की मागं सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. दाराखाली चार बोटांपेक्षा जास्त फट ठेवू नये. दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत गेल्याच पाहिजेत. सगळ्यात जास्त कोंबड्या जातात त्या पक्क्या खुराड्यातून नव्हे, तर संध्याकाळी बाहेरच झाडावर किंवा गाडीखाली बसून राहिलेल्या.

बकऱ्यांचं तसंच. व्यायला आलेली बकरी वावरातल्या मांडवात ठेवू नये, घराजवळच्या कोठ्यात आणावी. करडं दोन महिन्यांची होईपर्यंत चराईला न्यायची घाई करू नये. कोल्ही उन्हाळ्याच्या तोंडावर विते, गर्भ सुमारे ६३ दिवसांचा, आणि पिल्लं खायला लागली की तिची गरज वाढते. उन्हाळाभर जास्त सावध राहावं. बांधात, मोरीखाली किंवा साळींदराच्या जुन्या बिळात तिचं घर सापडलं तर ते बुजवू नका. आत पिल्लं कोंडली तर तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि आई तिथून हलत नाही, उलट दिवसाही घिरट्या घालते. पिल्लं हिंडू लागली की कुटुंब घर सोडतं. तेव्हा बीळ दगड-मातीनं पक्कं भरावं.

पिकाचं नुकसान त्या मानानं किरकोळ असतं. नदीपात्रातल्या वाडीतली पिकलेली टरबुजं तो दोन घास खाऊन सोडतो, मक्याची कणसं ओढतो, भुईमूग उकरतो. उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या चावतो ते पाण्यासाठी. धुऱ्याला एक टाकं पुरून त्यात पाणी ठेवलं की हे बरंचसं थांबतं. मोठ्या बागायतीला झटका मशीन परवडतं: सौर ऊर्जेवर चालणारं, थांबून थांबून क्षणभराचा झटका देणारं. कोल्ह्यासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी, आणि तिच्याखालचं गवत कापत राहायला हवं, नाहीतर झटका गवतातून जमिनीत उतरतो. रानडुकरासाठी लावलेल्या तारेखालून कोल्हा आरामात जातो.

जागल करणाऱ्यांसाठी शिकाऱ्यांच्या पोतडीतलं थोडं. कोल्हा वाऱ्याच्या खालच्या अंगानं येतो, म्हणजे वास त्याच्याकडे जाईल असा. माळा बांधताना वारा पाहा. ऊटीला इंग्रजांनी शिकारी कुत्र्यांसह घोड्यावरून कोल्ह्यांचा पाठलाग करायचा क्लब काढला होता, कारण त्यांना त्यांच्या देशातला तांबडं खोकड इथं मिळेना. कोल्हा त्यांच्या कुत्र्यांना नाल्यातून, मेंढ्यांच्या कळपातून, पाण्यातून फिरवत असे. तो धूर्त आहे यापेक्षा तो सवयीचा आहे हे लक्षात ठेवणं जास्त उपयोगाचं. रोजची वाट, रोजचं भोक, जवळपास रोजची वेळ. म्हणून एकाच जागी रोज फटाका वाजवला किंवा तेच बुजगावणं उभं ठेवलं तर आठवड्यात तो त्यालाही सरावतो. दिव्याची जागा बदला, वेळ बदला, अधूनमधून स्वतः फेरी मारा. कर्कश भोंगा वाजला की कोल्हे उलट ओरडतात. अभ्यासक अशाच युक्तीनं त्यांची गणती करतात. तुमच्या शिवारात किती बाजूंनी उत्तर येतं हे संध्याकाळी ऐकलं तर जोड्यांचा अंदाज येतो. एकाच जोडीचे सूर दहा जनावरांचे वाटतात, त्यावर जाऊ नका.

दोन गोष्टी मात्र करूच नका. मेन लाइनचा करंट कुंपणात सोडू नका. विदर्भात अशा तारांना लागून वाघ मेले आहेत आणि माणसंही, कधी शेजारी तर कधी तार लावणारा स्वतः. आणि मेलेल्या कोंबडीत कीटकनाशक भरून ठेवू नका. ते खाऊन आधी तुमचंच कुत्रं मरतं, मग घार-कावळे, आणि पाऊस आला तर तेच नाल्यात उतरतं.

नुकसान झालंच तर भरपाई मागा. कोल्ह्यानं मारलेल्या पाळीव जनावराला महाराष्ट्रात नुकसानभरपाई आहे: बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरलेली कमाल रक्कम, यांतली कमी असेल ती. जनावर हलवू नका, त्याच जागी ठेवा, मोबाइलवर जखमांचे आणि ठशांचे फोटो काढा, आणि ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांकही चालतो. पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला, एवढ्यावर प्रकरण उभं राहतं. पोटापाण्याच्या घाईत लोक मेलेली बकरी फेकून देतात आणि मग वर्षभर खात्याला बोल लावतात.

शेवटची बाब तातडीची आहे. भरदिवसा गावात शिरलेला, माणसाला न भिणारा, लाळ गाळणारा, अडखळत चालणारा कोल्हा हा धीट कोल्हा नव्हे, पिसाळलेला कोल्हा असू शकतो. २०२४ मध्ये मुंबईत मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज आढळला होता. गावाकडेही भटक्या कुत्र्यांशी झालेल्या मारामारीतून तो पसरतो. अशा वेळी काठ्या घेऊन घोळका करू नये. मुलं-जनावरं आत घ्यावीत, वनखात्याला कळवावं. जखमी पण शांत जनावर असेल तर पिपरी (मेघे) इथल्या करुणाश्रमात वन्यप्राण्यांवर उपचार होतात. मेलेल्या कोल्ह्याला उघड्या हातानं शिवू नये आणि लगेच पुरूही नये. रेबीजची खात्री मेंदूच्या तपासणीतून होते, म्हणून खातं येईपर्यंत टोपल्याखाली झाकून ठेवावं. कोणाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवावी, हळद-चुना-मिरची काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा वर्ध्याच्या सामान्य रुग्णालयात जावं. रानटी प्राण्याचा चावा सर्वांत गंभीर गटात धरतात, त्यामुळं लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. डॉक्टरांना चावणारा प्राणी कोल्हा होता हे स्पष्ट सांगावं. गाईला किंवा बैलाला चावला असेल तरी पशुवैद्यकाकडे चाव्यानंतरच्या लशींचा कोर्स असतो, आणि तोवर त्या गाईचं दूध घरात वापरू नये.